तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एवढा पगार असून हात का आखडता?’

ऑफिसात डबा खाताना हा प्रश्न येतो, लग्नकार्यात येतो, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की रोज येतो. ‘दोघंही कमावता, घर स्वतःचं आहे, मग इतका हात का आखडता?’ हेच विचारणारे महिनाअखेरीला दुसरा प्रश्न घेऊन येतात: ‘तुझ्याकडे शिल्लक राहते कशी, आम्हालाही सांग ना.’ पहिल्या प्रश्नात मी चिकट असते आणि दुसऱ्यात हुशार. आजवर दोन्ही वेळा मी विषय बदलत आले, कारण खरं उत्तर डबा संपायच्या आत संपत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देते. माझ्यात मनोनिग्रह नाही. मला साड्या आवडतात, भांडी आवडतात, पणजीत १८ जून रस्त्यावरून जाताना मी दुकानांच्या काचांपाशी थांबते. म्हणून मी स्वतःच्या मनावर काही सोडत नाही. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या आरडीचे (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) आणि पीपीएफचे (सरकारी भविष्य निर्वाह निधी) पैसे आपोआप जातात. पीपीएफचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, त्यामुळे ते पैसे ५ च्या आत पोचायला हवेत. घरखर्चाचं खातं वेगळं, युपीआय फक्त त्यालाच जोडलेलं. बचतीच्या खात्यातले पैसे काढायचे तर मला शाखेत जाऊन रांगेत उभं राहावं लागतं, आणि ते मी मुद्दाम तसंच ठेवलं आहे. खरेदीच्या कुठल्याही ॲपवर माझं कार्ड साठवलेलं नाही. एखादी वस्तू आवडली की ती किमतीसकट वहीत लिहिते आणि पुढचा पगार झाल्यावर वही उघडते. निम्म्या ओळी वाचून ही वस्तू का हवी होती तेच आठवत नाही. उरलेल्यांतली एखादी मी घेते, आणि आनंदाने घेते.

क्रेडिट कार्डाबद्दल विचारता, तर तेही सांगते. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा असतो, तेवढाच भरला की उरलेल्यावर बऱ्याच कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास चढतं, म्हणजे वर्षाला ४० च्या वर. पोस्टाच्या आरडीचा दर ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढला तो ६.७ टक्क्यांवर. ज्याच्या डोक्यावर कार्डाची थकबाकी आहे त्याने आधी ती फेडावी, आरडी मागून. मी अकाउंट्समध्ये काम करते, आणि शेजारच्या टेबलांवर याच्या बरोबर उलट होताना बघते. तेव्हा मला राग येतो. तो त्या माणसांवर नसतो, ‘फक्त एवढेच भरा’ असं गोड शब्दांत लिहिणाऱ्यांवर असतो.

आता पहिला प्रश्न.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, लोखंडाच्या खाणींच्या भागातले. खाण म्हणजे काय, ट्रिपा कशा मोजतात, पावसाळ्यात ट्रक का उभे राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यातल्या अनेकांच्या दारात खनिज वाहणारा ट्रक होता. आमच्याकडे दोन होते. चीन आपली हलक्या प्रतीची खनिज मातीसुद्धा उचलायला लागला त्या वर्षांत पप्पांनी पहिला घेतला आणि २०११ मध्ये दुसरा. दोन्ही कर्जावर. कर्ज द्यायला माणसं घरी येऊन बसायची, चहा घ्यायची आणि कागद पुढे करायची.

‘तुझ्या वडलांनी उधळलं ना सगळं?’ असं मला तोंडावर विचारणारेही भेटले आहेत, म्हणून स्पष्ट लिहिते. माझे वडील उधळे नव्हते. ते दारू पीत नव्हते, जुगाराच्या वाटेला कधी गेले नाहीत. त्यांनी घराला लाद्या घातल्या, भावाला मोटरसायकल दिली, आईला पाटल्या केल्या, देवळाच्या कामाला देणगी दिली. यातली एकही गोष्ट मला आजही चुकीची वाटत नाही. ऑक्टोबर आला की काम सुरू होतं हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं की ऑक्टोबर येईल आणि काम येणार नाही, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं. आमच्याच घरात आई मे महिन्यात पावसाचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरायची: सुकी मासळी, सोलां (आमसुलं), चिंच, मिरच्या, कांद्यांच्या माळा. चार महिने बाजार बंद पडला तरी चूल पेटली असती. पैशाचं पुरुमेंत मात्र त्या घरात कोणी भरलं नाही, कारण पैशाचा पावसाळा चार महिन्यांपेक्षा लांबेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला, आणि १० तारखेला गोवा सरकारने खाणी थांबवल्या. चवथ १९ ला होती. ट्रक तोपर्यंत धुऊनपुसून, नवे टायर घालून तयार होते, विमा भरलेला होता. पप्पा म्हणाले, चार दिवसांचं राजकारण आहे, सुटेल. चवथ नेहमीसारखीच झाली. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिला काही कमी पडलं नाही, फटाके आले, सगळ्यांना कपडे आले. ऑक्टोबरच्या ५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, तेव्हा मोदकांचं सारण दिलेल्या दुकानाची उधारीसुद्धा फिटायची होती.

मी तेव्हा बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या नावावर पोस्टात एक आरडी होती. ती आजीने सुरू केली होती, अबोलीच्या वळेसरांच्या (गजऱ्यांच्या) आणि नारळांच्या पैशांतून, महिन्याला ३०० रुपये. पोस्टाची एजंट बाई महिन्यातून एकदा यायची, कार्डावर सही करायची, आणि आजी ते कार्ड देव्हाऱ्याच्या मागे ठेवायची. आजी २०१० मध्ये गेली. त्यानंतरचे हप्ते आईने कोणाला न सांगता भरले. त्या हिवाळ्यात आरडीची मुदत संपली. २१ हजार आठशेच्या आसपास रक्कम हाती येणार होती.

एका रात्री जेवण झाल्यावर पप्पा माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत. म्हणाले, ‘बाय, तुझे ते पोस्टातले पैसे सुटले ना? दुसऱ्या ट्रकचा हप्ता अडलाय. काम सुरू झालं की परत घालतो.’

मी नाही म्हटलं.

एवढंच म्हटलं असतं तर वेगळं. मी हिशेब मांडला. एका ट्रकचा हप्ता साधारण ४० हजार, माझे पैसे त्याच्या निम्मे. अर्धा हप्ता भरून ट्रक वाचत नाही, पुढचा महिना पुन्हा येतोच. हे मी त्यांना कॉलेजात शिकलेल्या शब्दांत, वहीवर आकडे लिहून दाखवलं. ते उभ्याने ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं.’ आणि गेले. आई स्वयंपाकघरात होती. तिने सगळं ऐकलं असणार, पण ती बाहेर आली नाही.

पुढच्या महिन्यांत आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग दुसरा ट्रक वित्त कंपनीची माणसं घेऊन गेली. पहिला पप्पांनी स्वतः विकला, मिळेल त्या भावाला, कारण सगळा तालुका एकाच वेळी ट्रक विकायला निघाला होता. माझ्या पैशांतून शेवटच्या वर्षाची फी भरली गेली, एक जुना कॉम्प्युटर आला आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कोर्स झाला. त्या कोर्सवर मला कुंडईतली पहिली नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीच्या पगारावर घर काही वर्षं चाललं. पप्पांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. २०१५ मध्ये खाणी परत सुरू झाल्या तेव्हा अनेकांनी नवे ट्रक घेतले. पप्पांनी घेतला नाही, ते दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खाणींच्या ८८ लीज (भाडेपट्टे) बंद झाल्या तेव्हा आमच्या दारातून न्यायला काहीच नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, मी बरोबर केलं की नाही? आकड्यांनी बरोबर केलं. त्या वयाची मी आजही माझ्याशी भांडते आणि आकडे पुढे टाकते, आणि आकड्यांत ती हरत नाही. पण मला ते आकडे वहीवर लिहून दाखवायची गरज होती का? त्यांना पैसे हवे होते, की घरातलं कोणीतरी अजून आपल्यावर विश्वास ठेवतं एवढंच बघायचं होतं? ही शंका मला खूप उशिरा आली. ती आली तेव्हा विचारायला पप्पा होते, तरी मी विचारलं नाही. आता ते नाहीत.

म्हणून जेव्हा तुम्ही ‘शिस्त आहे हं तुझ्यात’ म्हणता, तेव्हा मला ते कौतुक घेता येत नाही. आणि ‘चिकट आहेस’ म्हणता तेही मान्य नाही. आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मी कोणापुढे हात पसरला नाही. नणंदेच्या नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा चार महिने त्यांचं घर आमच्या खात्यातून चाललं, आणि ते पैसे मी परत मागितलेले नाहीत. चिकट माणूस हे करत नाही. ज्याच्याकडे शिल्लक असते त्यालाच ‘घे’ म्हणता येतं, आणि ते म्हणता यावं यासाठीच मी ती ठेवते. त्या रात्री दाराशी आलेल्या माणसाला मला ते म्हणता आलं नाही.

पण एक गोष्ट तुम्ही न विचारताही सांगायला हवी. गेल्या मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझ्या मुलीने एक रंगीत छत्री उचलली, उघडून पाहिली, किंमत विचारली आणि ठेवून दिली. माझ्याकडे बघितलंही नाही. सोबतची मैत्रीण म्हणाली, ‘किती समजूतदार आहे गो तुझी पोर!’ मला ते ऐकवलं नाही. मुलीला छत्री हवी होती, तिची जुनी फाटलेली होती, आणि ती घेण्यात काडीचीही उधळपट्टी नव्हती. तिला मी बचत शिकवली, की २०१२ ची भीती तिच्या हातात दिली, जी तिची नाहीच? छत्री मी घेतली. घरी येईपर्यंत ती तीन वेळा म्हणाली, ‘आई, खरंच चालेल ना?’

नवऱ्याशी यावरून आता वाद चालू आहे. तो म्हणतो, आरडी, पीपीएफ सगळं राहू दे, पण दर महिन्याला थोडी रक्कम अशी असावी की ती खर्च करायचीच, उरली तरी बचतीत ढकलायची नाही, आणि ती कशावर जाईल हे मुलीने ठरवायचं. मी म्हणते, नऊ वर्षांच्या पोरीला हातात आलेला पैसा संपवायचा असतो हेच आधी शिकवायचं का? तो म्हणतो, तू तिला दुसरं काही शिकवलंच कुठे आहेस? यंदाच्या चवथीपासून सुरू करायचं असं त्याने परस्पर तिला सांगूनही टाकलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.