खानापूर ते हलशी, पोरांना घेऊन: पाठीवरची शिदोरी किती हलकी करता येते

निघायच्या आदल्या रात्री मी शिदोरीच्या सगळ्या पिशव्या काट्यावर ठेवल्या होत्या. सासूबाईंनी आकडा बघितला आणि म्हणाल्या, "एवढ्यावर तीन दिवस? पोरांस्नी उपाशी मारतीस काय गे?" काटा साडेचार किलो दाखवत होता. चार माणसं, अडीच दिवस, सगळं कोरडं. मोठ्या माणसाला दिवसाला साडेपाचशे ग्रॅम, पोराला साडेतीनशे, असा माझा हिशोब. मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा.

वाट सोपी निवडली होती. शुक्रवारी सकाळी बेळगावातून रेल्वेने खानापूर, तिथून चालत नंदगड, दुसऱ्या दिवशी हलशी, तिसऱ्या दिवशी रामतीर्थाची टेकडी करून बसने परत. खानापूर ते नंदगड दहा-बारा किलोमीटर, पुढे हलशी आणखी सहा-सात. मोठ्यांना हे काहीच नाही. पण सहा वर्षांचं पोर दर अर्ध्या तासाला "भूक लागली" म्हणतं आणि त्यातली निम्मी वेळ त्याला भूक लागलेली नसते, कंटाळा आलेला असतो. खाण्याचं नियोजन करताना हे धरूनच चालायचं.

पहिला प्रश्न चुलीचा. रेल्वेत गॅसची डबी, स्पिरिट, रॉकेल असलं पेट घेणारं काही नेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ठरवलं की चूल न्यायचीच नाही. रुंद तोंडाचे एक-एक लिटरचे दोन स्टीलचे थर्मास घ्यायचे आणि उकळतं पाणी वाटेतल्या चहाच्या गाड्यावर किंवा मुक्कामाच्या घरी मागायचं. खरं सांगायचं तर दोन थर्मास मिळून किलोभर भरतात, म्हणजे छोट्या स्टोव्हपेक्षा हे काही हलकं नाही. पण पोरं आजूबाजूला बागडत असताना आगीकडे लक्ष ठेवायचं काम वाचतं. उकळतं पाणी द्यायला कुणी नाही म्हटलं नाही. एका गाडेवाल्याने पैसेही घेतले नाहीत, मग आम्हीच चार चहा जास्त प्यायलो.

थर्मासातली खिचडी मात्र पहिल्या प्रयोगात सपशेल फसली होती. दिवाळीच्या सुट्टीत घरीच करून बघितली, अख्खे तांदूळ आणि तूरडाळ घालून. दोन तासांनी तांदूळ कसेबसे शिजलेले, डाळ दाताखाली कचकच. रानात हे झालं असतं तर रात्री आठला दोन रडणारी पोरं आणि मी. म्हणून सांगते, जे न्यायचं ते आधी घरात, गॅसवर फक्त पाणी उकळून, थर्मासातच करून बघा.

आता जमलेली कृती अशी. तांदळाच्या कण्या एक वाटी. मूगडाळ खमंग भाजून मिक्सरवर भरड काढलेली, अर्धी वाटी. हळद, मीठ, हिंग, जिरं, थोडं किसून भाजलेलं सुकं खोबरं. हे सगळं घरीच एका पिशवीत बांधायचं. मुक्कामाला आधी थर्मास उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवायचा आणि ते पाणी ओतून टाकायचं. ही पायरी गाळली की खिचडी बसलीच म्हणून समजा. मग मिश्रण आत, वरून चार वाट्या खळखळतं पाणी, झाकण घट्ट, दोनदा हलवून तासभर आडवा ठेवायचा. उघडल्यावर वरून तूप. तूप छोट्या डबीत वेगळं न्यावं. वजनाच्या मानाने सर्वांत जास्त ताकद त्यातच असते, ग्रॅममागे नऊ कॅलरी; भात-पिठात चारच्या आसपास. नंदगडला पाहुण्यांच्या सोप्यात बसून धाकट्याने दोनदा मागून खाल्ली. घरी हीच खिचडी तो ढकलून देतो.

सकाळसाठी उप्पीट. बारीक रवा फोडणीत भाजून, मीठ-साखर घालून पूर्ण गार करायचा आणि मग बांधायचा. एका वाटीला दोन वाट्या उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकून ठेवायचं. फोडणीतला कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळा, ओलसर राहिला तर दुसऱ्या दिवशी वास धरतो. मिरची मुलांच्या पिशवीत घातलीच नाही, आम्ही वरून कारळ्याची चटणी घेतली. शेजारच्या कानडी काकू तिला गुरेळ्ळु म्हणतात आणि त्यांच्या हातची माझ्यापेक्षा चांगली होते. ती बाटली त्यांचीच होती.

दुपारच्या जेवणाला आपल्या भागात शोधाशोध करायची गरजच नाही. कडक भाकरी! पाणी उडून गेलेली, पापडासारखी पातळ, नीट ठेवली तर महिनाभर टिकते. आपण तिला पाहुण्यांच्या ताटातली शोभा करून ठेवलीय. फक्त ती पिशवीत मोडते, आणि मोडू दे. मोठ्यांनी तुकडे चटणीत बुडवून खायचे. मुलांसाठी चुरा वाटीत घेऊन दूध पावडरीचं कोमट दूध आणि गुळाची पूड घालायची, पाच मिनिटांत मऊ होते. हलशीत ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी ताक दिलं, तर मोठीने चुरा ताकात कालवून मीठ घालून खाल्ला आणि आता घरीही तेच मागते.

संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे शेंगाच्या पोळ्या घरात होत्याच. आठवडाभर खराब होत नाहीत, वजनाला जड वाटतात, पण अर्ध्या पोळीत पोर तास-दीड तास चालतं. गोकाकचा कर्दंटही नेला होता. डिंक, गूळ, सुका मेवा असल्याने ताकदीला उत्तम, पण दातांना चिकटतो, म्हणून घरीच सुपारीएवढे तुकडे करून बटर पेपरात गुंडाळले. चालताना तोंडात देऊ नका, थांबून, बसून द्या. अगदी लहान मुलांना देऊच नका, आणि दुसऱ्या कुणाचं मूल बरोबर असेल तर शेंगा-काजूची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. कुंद्याचा हट्ट धाकट्याने धरला होता. खवा आहे तो, पहिल्या दुपारनंतर त्याच्यावर भरवसा नाही. खानापुरात मलप्रभेच्या काठी पहिल्या जेवणालाच डबा रिकामा केला. चपाती आणि बटाट्याची सुकी भाजीही तिथेच संपवली. ओलं, जड, नासणारं जे काही असेल ते पहिल्याच जेवणात पोटात जाऊ द्यावं.

चूक झाली ती भडंगाची. चिरमुरे वजनाला काहीच नाहीत, त्यामुळे मोठी पिशवी भरून पोरांच्याच पाठीवर दिली. आपली वस्तू आपण नेतोय म्हणून दोघंही खूश. पण एक तर पिशवी अर्धी सॅक अडवून बसली, आणि भडंग मी आमच्या चवीचं केलेलं, संकेश्वरी मिरचीचं. मोठीने दोन मुठी खाल्ल्या आणि अर्धा लिटर पाणी संपवलं. नंदगडच्या अलीकडे दोन किलोमीटरवर आमच्याकडे चौघांत मिळून एक बाटली उरली होती. शेतात काम करणाऱ्या एका मावशींनी बोअरचं पाणी भरून दिलं म्हणून निभावलं.

इथेच हलक्या शिदोरीची मेख आहे. कोरडं नेलं म्हणजे पाण्याचं वजन गेलं असं वाटतं, पण ते खाताना पाणी लागतंच, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. त्यामुळे भिजवायचं आणि शिजवायचं अन्न मुक्कामालाच उघडायचं, जिथे नळ किंवा विहीर आहे. वाटेवर खायचं ते पाणी न घालता खाता येणारं आणि तहान न लावणारं: पोळी, केळं, खजूर. खारट-तिखट बंद. जानेवारीतही आम्हाला मोठ्यांना दोन-दोन आणि मुलांना एक-एक लिटर लागलं. मुलांच्या पाठीवर त्यांच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त देऊ नका. धाकटा वीस किलोचा, म्हणजे दोन किलोत त्याची बाटली, स्वेटर आणि खाऊ.

तिसऱ्या सकाळी सातूचं पीठ. गहू आणि डाळं भाजून, जिरं घालून दळलेलं, गूळ आणि दूध पावडर आधीच मिसळलेली, त्यामुळे गरम पाण्याचीही गरज नाही. धाकट्याने वाटी बघून तोंड वाकडं केलं. त्यात चमचाभर कोको मिसळायची शहाणी सूचना नवऱ्याची, तेवढं श्रेय देते. रात्री गुळाच्या डबीला मुंग्या लागल्या होत्या, ते मी चाळून घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही.

वाटेविषयी थोडं. नंदगडला संगोळी रायण्णाची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा हा शिलेदार इंग्रजांशी लढला, २६ जानेवारी १८३१ रोजी त्यांनी त्याला इथेच फाशी दिलं. मोठीने शाळेत हे शिकलेलं, त्यामुळे तिथे ती आमची गाईड. हलशी म्हणजे जुन्या कदंब राजांची पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात वराहाची मूर्ती इतकी मोठी की धाकटा गप्प झाला, तो दिवसभरातला पहिलाच प्रसंग. देवळाच्या आवारात खाऊ नका, बाहेर झाडाखाली भरपूर जागा आहे. कर्दंटाचे कागद मोजून परत आणा, मुलांना मोजायला लावलं की ते आपोआप होतं. ओळखीचं घर नसेल तर खानापुरात राहून बसने ये-जा करावी, पाठीवरचं ओझंही तेवढं कमी. सरकारी बसमध्ये कर्नाटकाच्या शक्ती योजनेत बायकांना प्रवास फुकट, म्हणून माझं आणि मुलीचं तिकीट शून्य; आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा, नाहीतर सॅक तळापर्यंत उपसावी लागते.

रविवारी संध्याकाळी घरी पोचलो. उरलेली पिशवी काट्यावर ठेवली तर आठशे ग्रॅम भरली, त्यात बरंचसं भडंग. सासूबाईंनी चष्मा लावून आकडा वाचला.

"बघ," म्हणाल्या, "खाल्लंच नाही पोरांनी."