अकरा वर्षांनी माळशेजात थांबलो

माझं माहेर कल्याणचं, सासर ओतूरच्या पुढचं. त्यामुळे लग्न झाल्यापासून गेल्या अकरा वर्षांत माळशेज घाटातून किती वेळा ये-जा झाली याचा काही हिशोब नाही. गणपती, दिवाळी, जत्रा, कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण. शुक्रवारी रात्री निघायचं, मुरबाड, टोकावडे, मोरोशी मागे टाकायचं आणि घाट लागला की दोघांनी गप्प व्हायचं. नवऱ्याचं लक्ष वळणांवर, माझं मागे झोपलेल्या मुलीवर. वर खुबी फाट्याला आलो की सासूबाईंना फोन, "आई, घाट चढलो." घाट म्हणजे आमच्यासाठी संपवायची गोष्ट.

या सप्टेंबरच्या शेवटी मुलगी दोन दिवस आजोळी राहिली. गावी जायचं काही निमित्त नव्हतं. नवरा म्हणाला, "या खेपेला घाटातच जाऊ. पुढे जायचंच नाही."

शनिवारी पहाटे निघालो. मुरबाड सोडलं की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. वैशाखऱ्याजवळ गाडी बाजूला घेतली. तिथून डोंगररांगेत वर आलेला एक सुळका दिसतो, तो नानाचा अंगठा. त्याच्या बगलेतच नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याणहून जुन्नरकडे निघालेला माणूस इथेच कुठेतरी थांबून मान वर करून बघत असणार. आम्ही दोघं बराच वेळ तसेच उभे होतो. उद्या त्या अंगठ्यावर जायचं, हे तिथेच ठरलं.

मोरोशीपासून ढग खाली उतरलेले. घाट सुरू झाला आणि दोन वळणांत काचेपुढचं सगळं पांढरं झालं. गाडी दुसऱ्या गिअरवर, दिवे लो बीमवर, कारण धुक्यात हाय बीम लावला की उजेड उलटा डोळ्यांवर येतो. वरून उतरणाऱ्या ट्रकचे पिवळे दिवे आधी दिसायचे, ट्रक नंतर. बोगद्याच्या अलीकडे एका ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास आला. घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून बसू नये, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावं, हे नवऱ्याला त्याच्या वडिलांनी याच घाटात शिकवलं होतं. मला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एरवी घाटात आम्ही बोलतच नाही ना.

बोगद्याच्या पुढे, रस्ता रुंद आहे तिथे, कड्यापासून लांब गाडी लावली. (कड्याखाली कधीच लावू नका. जाळ्या ठोकलेल्या असल्या तरी पावसाळ्यात दरडी सुटतात.) धुकं वर सरकलं आणि रस्त्यासाठी कापलेला कडा समोर आला. मी तो इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. काळ्या बेसॉल्टचे आडवे थर, एकावर एक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहून आला आणि थिजत गेला, त्याचे हे थर. दोन थरांच्या मध्ये वीतभर विटकरी पट्टी होती. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्यात खालच्या थराच्या वरच्या भागाची झालेली ती माती. पट्टीतून पाणी झिरपत होतं आणि त्या ओलीवर बोटाएवढ्या जागेत शेवाळ, नेचा आणि जांभळ्या तेरड्याचं एक इवलंसं रोप तग धरून होतं. तेरड्याच्या पाकळीवर थेंब होता, पडेल पडेल म्हणून आम्ही बघत राहिलो आणि तो पडला नाही.

खुबी फाट्याहून फोन केला. "आई, घाट चढलो." "मग जेवायला येताय ना?" "नाही आई, आज इथेच थांबतोय." थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "तिथं काय आहे रे?" नवऱ्याला पटकन उत्तर सुचलं नाही.

दुपारी पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला गेलो. एका बाजूला काठोकाठ पाणी, समोर ढगात अर्धा बुडालेला हरिश्चंद्रगड. बांधाच्या उतारावर पिवळी सोनकी फुललेली. खिरेश्वरचं जुनं नागेश्वर मंदिर बाहेरून साधं वाटतं, पण मंडपात शिरून मान वर केली की छतातलं कोरीवकाम दिसतं. आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. संध्याकाळ पाण्याकाठी गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि तेच फार छान होतं.

रविवारी मढ, बनकर फाटा, गणेश खिंड असं करत जुन्नर. इथे येताना एक गोष्ट दर वेळी जाणवते, पण या खेपेला नीट पाहिली. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाटमाथ्यावर अडतात आणि तिथेच रिकामे होतात. काही मैलांत भाताची खाचरं संपून बाजरी लागते, हवा कोरडी होते आणि ऊन पडतं. जुन्नरला शिवनेरीला खालूनच हात जोडले आणि चावंड, घाटघर करत पुन्हा पश्चिमेला, पुन्हा ढगांत शिरलो.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तिथून दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटीतून दगडी पायवाट खाली उतरते. खालच्या कोकणातला वारा या फटीत घुसून असा वर येतो की पावसाचं पाणी कड्यावरून खाली पडण्याऐवजी तुषार होऊन उलटं वर उडतं. माझी ओढणी डोक्याच्या वर सरळ उभी राहिली होती.

थोडं उतरलं की लेणं. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राणी नागनिकेचा लेख. तिने आणि तिचा नवरा, सातवाहन राजा सातकर्णी, यांनी केलेले यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी, आणि त्यांचे आकडे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांमध्ये या आकड्यांची गणना होते. मला ब्राह्मी वाचता येत नाही, पण बेरजेच्या चिन्हासारखा दिसणारा 'क' मात्र ओळखता येतो. मी तो शोधत बसले आणि सापडला की नवऱ्याला हाक मारत राहिले.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण वर कोरलेली बरीच नावं टिकून आहेत. बाकीच्यांची नावं एकेकटी, पण एका ठिकाणी दोन नावं एकत्र आहेत. 'देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी.' नायनिका म्हणजे तीच नागनिका. आधी तिचं, मग त्याचं. नवऱ्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग खाली बसला आणि त्या जागेचा एक फोटो काढून आईला पाठवला. लिहिलं, "काल विचारलं होतंस ना, इथं काय आहे." मला वाटतं, या दोन दिवसांतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

वर येऊन अंगठ्यावर गेलो. वारा इतका की कड्याच्या टोकाशी उभं राहण्याची हिंमत झाली नाही. मागेच बसलो. ढगांना भोक पडलं आणि खाली कोकण उघडलं, भाताचे चौकोन, झाडांचे पुंजके आणि मधून जाणारा आमचा रस्ता, केसाएवढा. "ते बघ, वैशाखरे," नवरा म्हणाला, "काल आपण तिथे उभे होतो." मला आधी दिसलं नाही. त्याने माझा हात धरून बोट तिकडे केलं, मग दिसलं. त्या वळणावरून एक पांढरी गाडी न थांबता घाटाकडे निघाली होती.