दुपारचा काळोख

रात्रपाळी लागली आणि झोप दुपारवर ढकलली गेली. डोळ्यात बोट घातलं तरी कळू नये असा काळोख मला भर उन्हात हवा होता, तोही फारसा खर्च न करता.

आधी जाड पडदा लावला. दिवस तसाच राहिला, फक्त जरा तपकिरी झाला! नंतर गणित कळलं. उजेड लक्समध्ये मोजतात. थेट ऊन साधारण १ लाख लक्स, पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स. पडद्याने शंभरातले नव्व्याण्णव भाग अडवले तरी उरलेल्या उजेडात खिडकीपाशी खुशाल वाचत बसावं. शिवाय उजेड कापडातून कमी आणि दांडीच्या वरून, कडांनी जास्त येतो.

मग माळ्यावरचं खोकं फोडलं. पुठ्ठा चौकटीच्या मापाने कापून त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली, चकचकीत बाजू बाहेर. काचेला चिकटवलं नाही. उन्हाने तापून काच तडकू शकते. दाराखाली जुन्या टॉवेलची वळकटी. चार्जर आणि एक्स्टेंशन बोर्डाच्या दिव्यांवर काळ्या टेपचे तुकडे. एवढासा हिरवा ठिपका, पण रात्रभर अख्खी भिंत रंगवतो.

दिवा मालवला. मिट्ट काळोख! समाधानाने आडवा झालो, तर दहा मिनिटांत कपाट दिसू लागलं. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्यामुळे फटी शोधायच्या तर अर्धा तास टक्क जागं पडायचं. झोपेसाठी जागरण! तीन दुपारी मी हा उद्योग केला. एक फट बुजवली की तिच्याहून बारीक दुसरी दिसे. आदल्या दिवशी ती उजेडातच लपलेली असायची.

शेवटी एकच भोक उरलं. खोक्याची पिन उपटताना पुठ्ठा फाटला होता, चांगला तिकोनी. त्यातून आलेला कवडसा मात्र गोल. दोन मीटरवर तळहात आडवा धरला, तर दोनेक सेंटिमीटरची वाटोळी टिकली हातावर. तो भोकाचा आकार नव्हताच, ते सूर्याचं चित्र होतं. ग्रहणात झाडाखालचे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात, ते याचमुळे. लहानपणापासून मी कवडसे मुठीत पकडत आलो, पण मुठीत सूर्य आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

टेपचा तुकडा तोडेपर्यंत ऊन घरावरून पलीकडे कललं आणि टिकली विझली. तिच्या जागी समोरच्या भिंतीवर काहीतरी हलायला लागलं, फिकट, धुतल्यासारखं. खाली आभाळ, वर रस्ता, मध्ये उलटं लोंबणारं झाड.

बोटाला टेप चिकटवून मी तसाच उभा राहिलो. छताजवळून एक सायकलवाला चाकं वर करून गेला.