रत्नागिरी, कोल्हापूर, सातारा, नाशिक: घर ठरवण्याआधी जुलैत जाऊन या

"महामार्ग आता झालाच आहे, भुर्रकन मुंबई गाठाल," असं रत्नागिरीत घर दाखवणाऱ्या एजंटनं फोनवर सांगितलं होतं. त्याला बहुधा डिसेंबर म्हणायचा असावा. आम्ही जुलैत गेलो. चिपळूण सोडेपर्यंत ठीक होतं. संगमेश्वर ते हातखंब्यामध्ये मात्र थोडं काँक्रीट, मग चिखल, पुन्हा काँक्रीट. वळण संपल्यावर "पुढे वळण आहे" ही पाटी. खड्डा पाण्यानं भरलेला, त्यामुळे किती खोल ते चाक आत गेल्यावरच कळतं. त्यात समोरच्या ट्रकचा हाय बीम. २०११ पासून या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण चालू आहे, मुदती किती उलटल्या ते कोकणातल्या कुणालाही विचारा. म्हणून रत्नागिरीत राहायचं मनात असेल तर हा तुकडा अंधार पडल्यावर, पावसात, स्वतः चालवून बघा आणि मगच टोकन द्या. दिवसा जाऊन उपयोग नाही.

घर सुंदर होतं, हे कबूल. भाट्याचा समुद्र, रत्नदुर्ग, सगळं आहे. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी. रेल्वेचा पर्याय आहे, पण स्टेशन कुवारबावला, गावाबाहेर, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं, संथ वेळापत्रक लागतं. रिक्षावाला सामान बघून भाडं सांगतो. मुंबईशी काम उरलं नसेल तर जा. नाहीतर नको.

आंबा घाटातून कोल्हापूर. घाट धुक्यात होता, तरी त्या महामार्गानंतर मखमल वाटला, त्यामुळे इथून पुढचं माझं मत थोडं उदार समजा.

कोल्हापूरला भाडं विचारण्याआधी पूररेषा विचारा. नदीलगतच्या निळ्या रेषेच्या आत बघूसुद्धा नका, तिच्या बाहेरच्या लाल रेषेच्या आत असेल तर तळमजला घेऊ नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. एजंटला मात्र आठवत नाही. "इथं कधी पाणी आलं नाही हो," असं त्यानं सांगितलं त्याच इमारतीच्या जिन्यात भिंतीवर पाण्याची रेघ होती. समोरच्या किराणा दुकानात विचारलं तर काकांनी कमरेला हात लावून २०१९ आणि खांद्याला लावून २०२१ दाखवलं. दोन्ही वर्षी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी येऊन पुण्याकडची वाट बंद झाली होती, तेव्हा उंचावर घर घेतलं तरी किराणा भरून ठेवावाच लागतो. एवढं सांभाळलं तर या चार गावांत राहायला सगळ्यात चांगलं गाव हेच. संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर, तासाभरात पन्हाळा, आणि नव्या माणसाला जेवलास का विचारणारे शेजारी.

साताऱ्यात कास पठाराच्या रस्त्याला, यवतेश्वरच्या वर, प्लॉट दाखवतात. घेऊ नका. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारशात गेलं, त्यानंतर फुलांच्या हंगामात रविवारी त्या घाटात गाड्यांची रांग लागते आणि तुम्ही स्वतःच्याच घरी पोचत नाही. खाली, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या पेठांत जुनी घरं बघा. चढ-उतार भरपूर, गुडघे धड असतील तरच. स्टेशन इथंही गावाबाहेर, माहुलीला. एसटी धरा.

नाशिकला हवा छान, रस्ते बरे, गंगापूर धरण जवळ, मुलांना पटकन आवडलं. फारसं लिहिण्यासारखं काही घडलं नाही. नोकरी करायची असेल तर या चौघांत नाशिकच. फक्त २०२७ ला सिंहस्थ कुंभमेळा आहे. पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास घर बघत असाल तर पर्वण्या उरकू द्या, मग करार करा. मालक आत्ताच भाडं चढवून सांगताहेत.