भांडुपचं उत्पन्न वाढलं म्हणे, पण कोणाचं?

जनगणनेत पगार विचारत नाहीत. टीव्ही आहे का, स्कूटर आहे का, कार आहे का, संडास घरात की बाहेर, सगळं विचारतात, पण महिन्याला हातात किती पडतात ते नाही. त्यामुळे कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की आपल्या भांडुपमधलं उत्पन्न बघा कसं वाढलंय, की मी आधी विचारतो, कोणाचं?

आधी डोकी मोजू. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्हा ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आला, म्हणजे चक्क घटला. उपनगर जिल्हा, ज्यात आपलं भांडुप येतं, ८६.४ वरून ९३.५७ लाख, दहा वर्षांत जेमतेम ८ टक्के वाढ. आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा? ८१ लाखांवरून थेट १ कोटी १० लाख. म्हणजे गर्दी मुंबईत होतेय असं आपण म्हणतो खरं, पण माणसं राहायला जातायत कल्याणच्या पुढे नाहीतर विरारला, आणि सकाळी लोकलने परत येतायत. सकाळची फास्ट भांडुपला येईपर्यंत दारात लटकायलाही जागा नसते ती उगाच नाही.

आता भांडुप. एलबीएस रोडवर एकेकाळी कारखानेच कारखाने, कोकणातून आलेला माणूस तिथे पर्मनंट लागला की ओव्हरटाइम, दिवाळीला बोनस, गणपतीला रजा, असं सगळं बस्तान बसायचं. एकेक कारखाना बंद पडला, जागांवर मॉल आले, टॉवर आले. वर डोंगराच्या बाजूला चाळी-झोपड्या तशाच (२०११ ला मुंबईतली ४० टक्क्यांहून जास्त घरं झोपडपट्टीत होती, हे टॉवरच्या जाहिरातीत दिसत नाही).

आमच्या शेजारच्या काकांचंच बघा. जुनी तीन मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, नवीन टॉवरमध्ये मोठी जागा फुकट मिळाली, पोडियम, जिम, सगळं. जुन्या सोसायटीचा मेंटेनन्स हजारभर होता, नव्याचा सात हजारांच्या घरात. काकांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांची १९९५ ची पेन्शन योजना, जिची किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपये आहे, त्यांना त्याहून थोडी जास्त मिळते इतकंच. कागदावर माणूस करोडपती आणि लिफ्टच्या खर्चावरून मीटिंगमध्ये भांडतोय! शेवटी विकलं, बदलापूरला घेतलं, उरलेले एफडीत टाकले आणि व्याजावर चाललंय. मला तर त्यांचा निर्णय बरोबरच वाटतो, जिम घेऊन काय चाटायचंय.

त्यांच्या जागेत आलं आयटीतलं जोडपं, दोघंही कमावणारे, एक मुलगी. काकांकडे पूर्वी त्याहून निम्म्या जागेत सहा माणसं होती. म्हणजे मजले वाढले तरी घरटी माणसं कमी झाली. आणि कोणाच्याही पगारात एक रुपया वाढला नाही तरी बिल्डिंगची सरासरी कितीतरी पटीने वर गेली. उत्पन्न वाढलं नाही, माणूस बदलला.

नाक्यावरच्या किराणावाल्या शेठने उधारीची वही बंद केलीये, म्हणतो नवीन लोक वहीवर घेतच नाहीत, स्कॅन करतात, आणि अर्धं सामान ॲपवरून मागवतात. वहीवर घेणारे आता वरच्या चाळीतलेच, त्यांना मात्र तो ‘बंद आहे’ सांगतो. टॉवरमधली धुणीभांडी करायला येतात त्यातल्याच बायका.

पुढची जनगणना २०२७ ची आहे, तिचे आकडे आले की व्हॉट्सॲपवर फिरतीलच. काका तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोजलेले असतील. आणि एक, २०११ च्या ठाण्याशी तुलना करणार असाल तर नवीन आकड्यात पालघरचा आकडा मिळवून घ्या, १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा तुटलाय, नाहीतर कोणीतरी नक्की लिहील की ठाण्याची लोकसंख्या घटली.