५२ दात्यांचं चेनव्हील

सात गिअर असूनही चढ चढत नाही, अशी तक्रार घेऊन एक ताई घडीची सायकल दुकानात घेऊन आल्या. आधी जिथे दाखवली होती तिथे त्यांना "सवय होईल" म्हणून परत पाठवलं होतं. त्यामुळे आपल्याच पायांत जोर नाही, अशी त्यांची खात्री झालेली. दाते न मोजता माणसाच्या पायांना नावं ठेवणाऱ्या कारागिरांचा मला राग येतो.

मी दाते मोजले. पुढे पेडलजवळच्या चेनव्हीलला, म्हणजे दातेरी चकतीला, ५२; मागच्या सात चकत्यांना १४ ते २८. चाक २० इंची. ४०६ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर दीड इंची टायर, म्हणजे घेर साधारण १.५३ मीटर. सगळ्यात हलक्या गिअरमध्येही पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.८४ मीटर पुढे जाणार. रोज बॅग घेऊन चढ चढणाऱ्याला हे फार जड. लहान चाकामुळे सपाटीवर पाय नुसते गरगरू नयेत म्हणून कंपन्या पुढे मोठं चेनव्हील देतात, चढाचा विचार कुणी करत नाही. गिऱ्हाईकही "किती गिअर?" एवढंच विचारतं, सगळ्यात हलका गिअर किती हलका, हे कुणी विचारत नाही. साध्या सायकलीवर निदान उभं राहून रेटता येतं. इथे हँडलचा उंच दांडा ओढला की लवतो, बिजागरीवर ताण येतो. चढ बसूनच काढायचा.

मागे ३४ दात्यांपर्यंतचं फ्रीव्हील, म्हणजे चकत्यांचा संच, टाकणं स्वस्त पडलं असतं. पण त्या सायकलीचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, आखूड. ३४ त्याला झेपत नाही. लांब पिंजऱ्याचा डिरेलर लावला तर २० इंची चाकावर तो जमिनीच्या फार जवळ लोंबतो, आणि घडी करताना पहिला मार त्यालाच बसतो. म्हणून पुढचंच बदलायचं ठरवलं.

आणि तिथेच अडलं. चेनव्हील क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, रिव्हेट मारून कायमचं बसवलेलं. चार रुपये वाचवायला केलेली ही गोष्ट मला अजिबात पटत नाही. दाते झिजले तरी अख्खा क्रँक फेकायचा! पुलर लावून क्रँक उतरवला आणि पाच बोल्टचा नवा घेतला. चेनव्हीलचे बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात ते मुद्दाम ११० मिलिमीटरचं निवडलं. १३० च्या क्रँकवर ३८ दात्यांच्या खाली उतरता येत नाही, ११० वर ३४ पर्यंत वाट मोकळी राहते.

सध्या ३८ बसवलं. नवा क्रँक पेडलच्या जुन्या एक्सलवर जास्तच बाहेर बसत होता, चेन तिरकी जात होती; आखूड एक्सल घातल्यावर चेनव्हील मागच्या मधल्या चकतीच्या रेषेत आलं. १४ दाते कमी झाले की चेन सात कड्यांनी लांब पडते, पण कड्या जोडीनेच निघतात, म्हणून सहा काढल्या. जुनं चेनकव्हर ३८ वर बसेना, आणि घडी करताना पेडल उलटं फिरलं की चेन आत पडायची. बाहेरून गार्डची रिंग आणि आतून फ्रेमला चेन अडवणारी पट्टी लावल्यावर ते थांबलं. या दोन तुकड्यांवर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि मला ते काम सगळ्यात आवडलं.

आता सगळ्यात हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात २.०८ मीटर. सपाटीवर सगळ्यात जड गिअरमध्ये मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी २० च्या आसपासच वेग मिळेल, हे ताईंना आधीच सांगितलं होतं. त्याची त्यांना फिकीर नव्हती.

थोड्या दिवसांनी त्या परत आल्या. बाकी चढ निघतो, शेवटच्या वळणावर मात्र अजून उतरावं लागतं. पुढे ३४ चं चेनव्हील लावाल का, असं त्यांनी विचारलं. मी कचरलो. ३४ वर, चढावर दमून मिनिटाला ५० फेरे पडले तर वेग ताशी साडेपाच, म्हणजे भरभर चालण्याइतकाच. इतक्या हळू लहान चाकाचं हँडल चंचल होतं, तोल सांभाळावा लागतो. चालतच गेलेलं काय वाईट, असं मी म्हणालोही.

"दादा, चालताना ही सायकल ढकलावी लागते," त्या म्हणाल्या. "पेडल नडगीला लागतं, बॅग एका बाजूला ओढते. बसून तेवढ्याच वेगाने गेले तरी मला चालेल."

माझ्या हिशोबात वेग होता, ढकलणं नव्हतं. तोलाची शंका मात्र अजून गेलेली नाही. ३४ मागवलंय. चेनच्या आणखी दोन कड्या काढाव्या लागतील. त्या आणि ३८ चं चेनव्हील ताईंच्याच पिशवीत देणार आहे, जमलं नाही तर परत बसवता येईल.