कायद्यात बसणारे आणि न बसणारे सोशल वर्कर

रोज मनोविकार ओपीडीत बसते, पण कायद्याच्या हिशेबात मी मेंटल हेल्थ प्रोफेशनल नाही, नुसती एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी). 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा (लागू झाला 2018 च्या मे मधे) बघा, सायकियाट्रिक सोशल वर्करला त्यात जागा आहे, राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी केली की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मेंटल हेल्थ नर्सच्या बरोबरीने धरतात. पण अट अशी की एमएसडब्ल्यूच्या वर सायकियाट्रिक सोशल वर्कमधलं दोन वर्षांचं फुल टाइम एमफिल पाहिजे. ते मिळतं बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत, रांचीला, तेजपूरला अशा मोजक्या ठिकाणी. त्यात नवीन शैक्षणिक धोरणात एमफिलच बंद झालं, मग यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) या कोर्सला आणि क्लिनिकल सायकॉलॉजीला 2025-26 पर्यंत मुदत दिली. पुढच्या बॅचने काय करायचं?

आता आम्ही करतो काय ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही फॉर्म भरून देतो (तेही करतो म्हणा). वॉर्डात एक चाळिशीतला दादा होता, स्किझोफ्रेनिया, गोळ्या लागू पडल्या, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला पण न्यायला कोणी येईना. भावाचा फोन बंद. गावातल्या आशाताईंना धरून कसाबसा भावापर्यंत पोचले तर तो म्हणतो मॅडम आई होती तोवर ठीक होतं, आता आमची मंडळी घाबरते. घरी गेले, बराच वेळ बसले, चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग हळूच निघालं की भीती वेगळीच आहे, सातबाऱ्यावर याचं नाव आहे आणि घरी आला की वाटणी मागेल. खरंतर त्याने कधी वाटणीचं नाव काढलं नव्हतं. मग दोघांना समोरासमोर बसवलं, अपंगत्वाचा दाखला, संजय गांधी निराधारचा अर्ज, आणि गोळ्या रोज कोण देणार हे वहिनीशी वेगळं बोलले, कारण तिथे चुकलं की पेशंट परत वॉर्डात. केसपेपरवर याची नोंद एका ओळीची, "नातेवाईकांचे समुपदेशन केले".

हे औषधाइतकंच उपचारात मोडतं असं माझं मत आहे. मुंबईत टिसचं (टाटा समाजविज्ञान संस्थेचं) चाइल्ड गायडन्स क्लिनिक, म्हणजे मुलांच्या मानसिक अडचणींसाठीचं केंद्र, 1937 चं, म्हणजे सोशल वर्कवाले या कामात काल-परवा आलेले नाहीत.

पण हेही सांगते, सगळ्या एमएसडब्ल्यूंना सरसकट शिक्का मारा असं म्हणणारी मी नाही. काही कॉलेजात फिल्डवर्क कसं "होतं" ते आपल्याला माहितीये, सही घेतली की झालं. अशांनी उद्या बोर्ड लावून थेरपी सुरू केली तर पेशंटचं वाटोळं होईल. सुपरव्हिजनखालचं क्लिनिकल ट्रेनिंग हवंच, फक्त ते जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करता करता मिळायला हवं, घरदार सोडून रांचीला जाणं किती जणींना जमणार?

थोडी आशा आहे ती 2021 च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याकडून, त्याच्या यादीत क्लिनिकल, सायकियाट्रिक आणि मेडिकल असे तिन्ही सोशल वर्कर आहेत. एमफिल झालेल्यांनी मात्र प्राधिकरणाकडे नोंदणी करून टाका बाबांनो, उगाच लांबवू नका. बाकी माझ्यासारख्यांनी निदान केसपेपरवर एका ओळीऐवजी सविस्तर लिहायला लागा, काय केलं, कोणाशी बोललो, काय ठरलं. उद्या कोणी विचारलंच तर दाखवायला कागद तरी असेल.